पिकअपचा चेक इंजिन दिवा पुन्हा पुन्हा लागतोय? कोड उडवण्याआधी एवढं करा

मीटरमध्ये पिवळा इंजिनाचा दिवा लागतो. गॅरेजवाला स्कॅनर लावतो, कोड (गाडीच्या कंप्युटरने नोंदवलेला दोषाचा नंबर) उडवतो, दिवा जातो. गाडी दोन दिवस रिकामी फिरते तोवर सगळं ठीक असतं. मग माल भरून घाट चढायला लागलात की दिवा पुन्हा हजर, आणि गाडीचा दमही गेलेला. असं दोनतीनदा झालं की कुणीतरी सेन्सर बदलायला सांगतं, कुणी टर्बो (इंजिनात जोराने हवा ढकलणारा पंखा), कुणी थेट इंजिन खोलायला. या फेऱ्यात आमच्या घरच्या पिकअपचा ऐन हंगाम अडकला होता. त्या वेळी जे शिकायला मिळालं आणि नंतर गावातल्या इतर गाड्यांवर जे पडताळून पाहिलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या गाड्या बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक मानकांच्या आहेत. बोलेरो पिकअप असो, योद्धा, इंट्रा किंवा दोस्त असो, या डिझेल गाड्यांत धूर स्वच्छ करणारी यंत्रणा जुन्या गाड्यांपेक्षा कितीतरी मोठी आहे. त्या यंत्रणेवर नजर ठेवणारे सेन्सर वाढले, म्हणून दिवा लागण्याची कारणंही वाढली. त्यातली बरीच कारणं स्वस्तातली असतात. मात्र ती शोधावी लागतात आणि कोड उडवून सापडत नाहीत, कारण कोड उडवला की पुरावाही पुसला जातो.

१. आधी दिवा नीट ओळखा

पिवळा, इंजिनाच्या आकाराचा दिवा म्हणजे चेक इंजिन. तो लागला आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल तर सावकाश घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत जाता येतं. लाल दिव्याचं तसं नाही. ऑइलच्या कॅनचा लाल दिवा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर जागेवर थांबा, इंजिन बंद करा आणि गाडी ओढून न्या. भाडं बुडालं तर बुडू द्या, इंजिन जाम झालं तर त्याच्या कितीतरी पट खर्च येतो.

याशिवाय स्प्रिंगसारखा हीटरचा दिवा, डिझेलमध्ये पाणी आल्याचा दिवा आणि डीपीएफचा (सायलेन्सरच्या वाटेतल्या काजळी धरणाऱ्या जाळीचा) दिवा असे तीन वेगळे दिवे असतात. ते चेक इंजिनबरोबर लागले असतील तर निम्मं निदान तिथेच होतं. कुठल्या चिन्हाचा अर्थ काय ते गाडीच्या पुस्तकात असतं.

जुनी पिकअप विकत घेणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून बघावी. चावी ऑन केली आणि इंजिन अजून चालू केलं नाही, अशा वेळी चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे, आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. चावी ऑन करूनही तो लागतच नसेल तर कुणीतरी दिवाच काढलाय किंवा झाकलाय असं समजा. असा सौदा करू नका.

२. लागणारं सामान आणि कागद

सामान फार नाही:

- मोबाइलला ब्लूटूथने जोडला जाणारा, गाडीच्या कंप्युटरमधले कोड वाचणारा छोटा ओबीडी स्कॅनर. फार स्वस्तातले नकली स्कॅनर मध्येच संपर्क तोडतात, म्हणून घेण्याआधी आपल्या गाडीवर लावून दाखवायला सांगा. आयफोन असेल तर त्याला चालतो का तेही विचारा.
- मोबाइलवर टॉर्क किंवा कार स्कॅनर यासारखं ॲप.
- साधा मल्टिमीटर.
- टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, १० आणि १२ नंबरचा पाना, जुना टूथब्रश, सुती फडकं.
- कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, आणि हवेच्या सेन्सरसाठीचा वेगळा मॅफ क्लीनर.
- एक वही.

कागदांत आरसी, गाडीचं पुस्तक, वॉरंटीची पुस्तिका, आजवरच्या सर्व्हिसिंगची आणि बदललेल्या पार्टची बिलं. बिलं नसतील तर आजपासून ठेवायला लागा. शेवटच्या पायरीत ती लागणार आहेत.

३. दिवा कधी लागतो ते लिहून ठेवा

ही पायरी लोक सोडून देतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे हीच वाचवते. दिवा लागला त्या क्षणाची माहिती वहीत लिहा: गाडी भरलेली होती की रिकामी, चढ होता की सपाट रस्ता, इंजिन थंड होतं की तापलेलं, शेवटचं डिझेल कधी आणि कुठे भरलं, आदल्या दिवशी गाडी धुतली होती का, रात्री कुठे उभी होती, दम गेला का, धूर काळा की पांढरा.

गाडीवर ड्रायव्हर असेल तर त्याला सांगून ठेवा की दिवा लागला की गाडी बाजूला घेऊन मीटरचा फोटो काढायचा आणि जागेचं नाव पाठवायचं. तो तुमच्या रागाला भिऊन गप्प बसला तर निदान महिनाभर लांबतं. दिवा लागणं ही त्याची चूक नाही हे त्याला आधीच सांगा.

नोंदी झाल्या की साचा दिसू लागतो. फक्त भरलेल्या गाडीत चढावर दिवा लागत असेल तर हवेची गळती किंवा डिझेलचा दाब यांच्याकडे बघायचं. धुतल्यानंतर लागत असेल तर कनेक्टर. गावातल्या गावात, घर ते शेत ते मोंढा (बाजार समिती) अशा छोट्या फेऱ्यांनंतर लागत असेल तर डीपीएफ. सकाळी थंड इंजिनावर लागत असेल तर बॅटरी आणि हीटर प्लग (थंड इंजिन सुरू होण्याआधी तापवणारे).

४. कोड वाचा, पण उडवू नका

ओबीडीचं सॉकेट १६ पिनांचं असतं आणि बहुतेक वेळा स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला सापडतं. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा आणि स्कॅनर लावा. स्कॅनरचा दिवाच लागला नाही तर आधी फ्यूज तपासा. बऱ्याच गाड्यांत मोबाइल चार्जरच्या सॉकेटचा आणि याचा फ्यूज एकच असतो.

ॲपमध्ये तीन याद्या दिसू शकतात. साठवलेले कोड म्हणजे ज्यांच्यामुळे दिवा लागला ते. पेंडिंग म्हणजे दोष एकदा दिसला पण अजून पक्का झालेला नाही असे. पर्मनंट म्हणजे स्कॅनरने उडवता न येणारे, दोष खरोखर गेल्यावर गाडी स्वतःच काढून टाकते ते. तिन्हींचे स्क्रीनशॉट घ्या.

मग फ्रीझ फ्रेम उघडा. कोड पडला त्या क्षणी गाडीचा वेग किती होता, इंजिनचे फेरे किती, लोड किती, पाण्याचं तापमान किती, हे कंप्युटरने तिथे जपून ठेवलेलं असतं. आमच्या गाडीच्या फ्रीझ फ्रेममध्ये लोड जवळजवळ पूर्ण आणि वेग अगदी कमी होता, आणि वहीतली नोंद मांजरसुंबा घाटाची होती. म्हणजे भरल्या गाडीने चढ चढताना टर्बोची हवा कमी पडत होती. हे आधी कुणाला दिसलं नव्हतं, कारण प्रत्येक गॅरेजमध्ये पहिलं काम कोड उडवण्याचं झालं होतं. कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते.

आता कोडचा अर्थ. पीने सुरू होणारा कोड इंजिन-गिअरचा, यूने सुरू होणारा कंप्युटरच्या आपसातल्या संपर्काचा. पीनंतर शून्य असेल तर तो कोड बहुधा सगळ्या कंपन्यांचा सारखा. पीनंतर एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा, त्याचा अर्थ इंटरनेटवरच्या दुसऱ्या गाडीच्या यादीत शोधू नका. डिझेल पिकअपला नेहमी भेटणारे काही:

- पी०२९९: टर्बोची हवा हवी तेवढी येत नाही.
- पी०४०१: ईजीआरमधून (धुराचा काही भाग परत इंजिनमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) धुराचा प्रवाह कमी.
- पी०१०१, पी०१०२: हवा मोजणाऱ्या सेन्सरचं माप पटत नाही किंवा फार कमी येतं.
- पी००८७: कॉमन रेलमध्ये (सगळ्या नोझलना डिझेल पुरवणारी जाड नळी) डिझेलचा दाब कमी.
- पी२४६३: डीपीएफमध्ये काजळी साचली.
- पी२००२: डीपीएफचं काम अपेक्षेपेक्षा कमी.
- पी२४५२, पी२४५३: डीपीएफच्या प्रेशर सेन्सरचं सर्किट किंवा माप चुकतंय.
- पी०३८०: हीटर प्लगचं सर्किट.
- पी०५६२: गाडीचा व्होल्टेज कमी.

इथेच सगळ्यात मोठा सापळा आहे. पी०१०१ आला म्हणून हवेचा सेन्सर खराब, असं होत नाही. कोड फक्त एवढं सांगतो की त्या ठिकाणचं माप कंप्युटरच्या हिशेबात बसत नाही. सेन्सरच्या पुढचा होज फाटला असेल, एअर फिल्टर गच्च भरला असेल, वायर तुटकी असेल, तरी कोड तोच येतो. कोड बघून थेट पार्ट बदलणाऱ्याला एक प्रश्न विचारा: पार्ट खराब आहे हे कशावरून तपासलं? उत्तर नसेल तर थांबा.

आणखी एक गोष्ट गोंधळात टाकते. दिवा आपोआप विझला म्हणजे गाडी सुधारली असं नाही. सलग तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही तर साधारणपणे दिवा विझतो, कोड मात्र मेमरीत बराच काळ राहतो. म्हणून दिवा विझलेला असतानाही स्कॅनर लावून बघा.

५. बॅटरी आणि अर्थिंग तपासा

स्वस्त आहे, पंधरा मिनिटांचं काम आहे, म्हणून आधी करा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १२.४ ते १२.७ व्होल्ट दिसायला हवेत. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७. सेल्फ मारताना १० च्या खाली फार गेला तर बॅटरी दमली आहे. आपल्याकडे मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो आणि बॅटरीचं आयुष्य उन्हाने कमीच होतं, हे लक्षात ठेवा.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर केबल काढून, गरम पाणी आणि सोड्याने ब्रशने साफ करा. काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस. मग अर्थिंग बघा: मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूला लावून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर अर्थिंगची केबल गंजलीय किंवा सैल आहे. एवढ्या एका केबलमुळे एकमेकांशी संबंध नसलेले पाचसहा कोड एकदम पडतात.

फाळका किंवा हौदा वेल्डिंग करून घेणाऱ्यांनी कायम लक्षात ठेवा: वेल्डिंग सुरू होण्याआधी बॅटरीच्या दोन्ही केबल काढा आणि वेल्डिंगची अर्थ-क्लिप जोडणीच्या अगदी जवळ लावायला सांगा. नाहीतर कंप्युटर आणि सेन्सर जळू शकतात. जादा हॉर्न, एलईडी, स्पीकर यांच्यासाठी इंजिनच्या वायरिंगला मध्येच जोड मारला असेल तर तोही काढून बघा.

६. हवेचा रस्ता: फिल्टरपासून टर्बोच्या होजपर्यंत

काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर एका मागे एक ट्रॅक्टर-ट्रॉल्या चालतात तेव्हा एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी भरतो. तो काढून उन्हाकडे धरा, उजेड दिसत नसेल तर बदला. कंप्रेसरच्या जोरदार हवेने फुंकून फुंकून वापरू नका, कागदाला न दिसणारी भोकं पडतात आणि तीच धूळ पुढे टर्बोच्या पंख्यावर आणि हवेच्या सेन्सरवर जाते. फिल्टरच्या डब्याच्या झाकणाच्या क्लिपा नीट बसल्यात का तेही बघा.

हवेचा सेन्सर साफ करायचा असेल तर फक्त मॅफ क्लीनर मारा. आतल्या बारीक तारेला बोट, कापूस, ब्रश काही लावू नका. कार्ब्युरेटर क्लीनर किंवा डिझेल तर नकोच.

आता होज. टर्बोकडून इंटरकूलरकडे (टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी) आणि इंटरकूलरकडून इंजिनकडे जाणारे जाड रबरी पाइप सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताने चाचपा. आमच्या गाडीचा दोष इथे होता. इंटरकूलरच्या खालच्या होजला, क्लॅम्पच्या अगदी कडेला, बोटाच्या पेरापेक्षा लहान चीर होती. इंजिन आयडलला असताना ती बंद राहायची आणि नजरेला दिसायची नाही. होज वाकवल्यावर तोंड उघडायची. तिच्या भोवती तेलकट काळा पट्टा होता आणि त्यावर धूळ चिकटून जाड थर बसला होता. भरल्या गाडीने घाट चढताना टर्बोचा दाब वाढला की हवा तिथून निसटायची, कंप्युटरला हवा कमी दिसायची, पी०२९९ पडायचा आणि गाडी लिंप मोडमध्ये (इंजिन वाचवायला कंप्युटर ताकद कमी करतो) जायची. रिकाम्या गाडीची ट्रायल घेतली की सगळं ठीक. याआधी एका गॅरेजने बूस्ट सेन्सर (टर्बोच्या हवेचा दाब मोजणारा) बदलला होता आणि टर्बो बदलायची तयारीही सांगितली होती. दोष एका होजचा आणि एका क्लॅम्पचा होता.

म्हणून शोधायचं ते तेलकट काळा डाग. टर्बोच्या हवेत थोडी तेलाची वाफ असतेच, ती जिथून निसटते तिथे धूळ धरते. डाग असेल तिथला होज काढून, उलटसुलट वाकवून बघा. शंका राहिली तर गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घ्या: बंद इंजिनच्या हवेच्या वाटेत धूर सोडतात, तो बाहेर पडतो तिथे गळती.

बूस्ट सेन्सर तपासायची एक सोपी युक्ती आहे. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून ॲपच्या लाइव्ह डेटामध्ये मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपचा) दाब आणि बाहेरच्या हवेचा दाब बघा. दोन्ही जवळजवळ सारखे हवेत. मराठवाडा समुद्रसपाटीपासून उंचावर आहे, म्हणून आपल्याकडे आकडा साधारण ९४ ते ९७ किलोपास्कल येतो. शंभर दिसत नाही म्हणून घाबरू नका. दोन्ही आकडे एकमेकांशी जुळत असतील तर सेन्सर बदलायची घाई करू नका.

७. डिझेलचा रस्ता

कॅनमधून डिझेल भरायची सवय असेल तर पाणी आणि धूळ टाकीत जाणारच. भरावंच लागलं तर जाळीचं नरसाळं वापरा आणि कॅनचा तळ टाकीत ओतू नका. पावसाळ्यात डिझेल फिल्टरच्या खालचा बोल्ट सैल करून साचलेलं पाणी बरणीत काढा. थोडा वेळ ठेवलं की पाणी खाली बसलेलं दिसतं. पुरेसं पाणी निघालं आणि स्वच्छ डिझेल आलं की बोल्ट घट्ट करा.

फिल्टर नकली घेऊ नका. फिल्टर बदलल्यावर हातपंपाने हवा काढून टाका. लाइनमध्ये हवा राहिली तर गाडी सुरू होताना त्रास देते आणि पी००८७ येतो, आणि मग डिझेलचा दाब तयार करणाऱ्या बिचाऱ्या पंपावर आळ येतो.

लाइव्ह डेटामध्ये रेलचा अपेक्षित दाब आणि प्रत्यक्ष दाब शेजारी ठेवून बघा. आयडलला कॉमन रेल इंजिनांत साधारण २५० ते ४०० बार असतात. दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ चालायला हवेत. भरल्या गाडीत प्रत्यक्ष दाब मागे पडत असेल तर आधी फिल्टर आणि टाकीकडचा पाइप, नंतर नोझलची रिटर्न टेस्ट. या टेस्टमध्ये प्रत्येक नोझलच्या रिटर्नला बाटली लावतात. एका बाटलीत इतरांपेक्षा खूप जास्त डिझेल जमलं तर तो नोझल गळतोय. पंप उतरवण्याआधी ही टेस्ट मागाच.

सावधान: इंजिन चालू असताना नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपचा नट कधीही सैल करू नका. भरल्या गाडीत तिथला दाब हजार बारच्या वर जातो. तो बारीक फवारा कातडीतून आत शिरतो आणि बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. जुन्या डिझेल इंजिनावर शिकलेले मिस्त्री सवयीने असं करतात, त्यांना थांबवा.

डिझेल भरता त्या पेट्रोल पंपावर शंका आली तर तिथेच घनता दाखवायला सांगा आणि पाच लिटरच्या मापाने मोजून मागा. ते मागणं ग्राहकाचा हक्क आहे. डिझेलची पावती वहीत चिकटवून ठेवा.

८. ईजीआर

धुराचा काही भाग परत इंजिनमध्ये सोडणारा हा व्हॉल्व्ह काजळी आणि तेलाच्या वाफेने डांबरासारखा माखतो आणि अडकतो. काढून स्प्रेने साफ करता येतो, पण गॅस्केट नवीन घाला. बऱ्याच गाड्यांत लावल्यावर स्कॅनरने त्याची नव्याने ओळख करून द्यावी लागते, ते न केल्यास कोड परत येतो. मध्ये पत्रा घालून व्हॉल्व्ह बंद करायचा सल्ला मिळेल. तो घेऊ नका, बीएस-६ गाडीत त्याने नवा कोड हमखास पडतो.

९. डीपीएफ

सायलेन्सरच्या वाटेत बसवलेली ही जाळी काजळी धरून ठेवते आणि ठरावीक वेळी ती जाळून टाकते. जाळायला धूर साधारण ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो. शेत, मोंढा आणि घर अशा चारपाच किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तापतच नाही, किंवा जाळणं सुरू झालं की आपण गाडी बंद करतो. काजळी वाढत जाते आणि शेवटी पी२४६३.

महागाच्या उपायाआधी डीपीएफच्या प्रेशर सेन्सरकडे जाणाऱ्या दोन बारीक नळ्या बघा. त्या तडकल्या, काजळीने बुजल्या किंवा उंदराने कुरतडल्या तर जाळी स्वच्छ असूनही भरल्याचा कोड येतो. इंजिन बंद, चावी ऑन असताना या सेन्सरचा आकडा शून्याजवळ असावा.

नळ्या ठीक असतील आणि फक्त डीपीएफचा दिवा लागला असेल तर गाडी चौपदरी रस्त्यावर न्या. जालना ते संभाजीनगर असो की बीडहून पुढे, थोडा खालचा गिअर ठेवून, फेरे दोन हजारांच्या आसपास राखून, न थांबता वीसेक मिनिटं चालवा. नेमका वेग आणि वेळ गाडीच्या पुस्तकात असतो, तोच धरा. जाळणं सुरू असताना आयडल वाढतो, फॅन चालत राहतो, गरम वास येतो. त्या वेळी इंजिन बंद करू नका. आणि गाडी कडब्याच्या गंजीजवळ, सोयाबीनच्या भुसकटावर किंवा वाळलेल्या गवतावर उभी करू नका. सायलेन्सर इतका तापलेला असतो की आग लागू शकते. सुगीच्या दिवसांत खळ्यावर गाडी लावताना हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

काजळी जाळता येते, राख मात्र चुलीतल्यासारखी उरतेच. ती ऑइलमधून येते. म्हणून पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं, कमी राखेचंच ऑइल टाका. सुटं ऑइल स्वस्त पडतं आणि जाळी लवकर भरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर आनंद मानू नका. अर्धवट राहिलेल्या जाळण्यांमुळे डिझेल ऑइलमध्ये उतरलंय. वरच्या खुणेच्या पलीकडे गेली असेल तर ऑइल बदलूनच गाडी चालवा.

जाळी काढून टाकून कंप्युटरमध्ये फेरफार करून देणारे तुम्हाला भेटतीलच. गाडीत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. प्रदूषणाच्या मानकांचा भंग झाला तर कलम १९० खाली १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी जाते ते वेगळंच. पिवळ्या पाटीच्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं, तिथेही ही गोष्ट अंगाशी येते.

तुमच्या गाडीला निळ्या झाकणाची डीईएफची (धूर स्वच्छ करण्यासाठी वापरायच्या द्रवाची) टाकी असेल तर त्यात फक्त बंद कॅनमधलं डीईएफ टाका. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो हे ऐकून शेतातला युरिया पाण्यात विरघळवून टाकणारे आहेत. खताच्या युरियातल्या अशुद्ध घटकांनी नोझल आणि कॅटॅलिस्ट दोन्ही निकामी होतात. डीईएफ चुकून डिझेलच्या टाकीत पडलं तर चावीसुद्धा ऑन करू नका, टाकी उतरवून धुवा.

१०. उंदीर आणि पाणी

कडबा, पेंड, सोयाबीन भरलेल्या गोठ्याजवळ गाडी उभी राहिली की उंदीर इंजिनमध्ये शिरतात. वरून वायर अखंड दिसते आणि टेपच्या आत तांबं उघडं असतं. लेंड्या किंवा भुसकटाचं घरटं दिसलं तर तिथलं वायरिंग टेप सोडून बघा. तुटलेली वायर पिळून टेप मारू नका, झाळून त्यावर आकसणारी नळी बसवा. पिळलेला जोड हादऱ्याने सैल होतो आणि दिवा खड्ड्याखड्ड्यात लागतो-विझतो.

धुताना प्रेशरचा फवारा इंजिनच्या कनेक्टरवर मारू देऊ नका. धुतल्यावर दिवा लागला असेल तर कनेक्टर एकेक काढून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, सुकवून परत बसवा. पिनांवर हिरवट गंज दिसला तर दोष तिथेच आहे.

११. गॅरेजमध्ये असं बोला

वही आणि स्क्रीनशॉट पुढे ठेवा. "दिवा लागतोय, बघा" याऐवजी "गाडी भरलेली असताना चढावर पी०२९९ पडतो, फ्रीझ फ्रेम ही आहे, होज आणि फिल्टर मी बघितलेत" असं सांगा. चांगला मिस्त्री अशा गिऱ्हाइकाला मनापासून वेळ देतो. तीन गोष्टी ठरवून घ्या: मला विचारल्याशिवाय कोड उडवायचा नाही, काढलेला जुना पार्ट मला परत द्यायचा, आणि ट्रायल ज्या स्थितीत दिवा लागतो त्याच स्थितीत, म्हणजे भरलेल्या गाडीने घ्यायची.

एका वेळी एकच पार्ट बदला. तीन पार्ट एकदम बदलले आणि दिवा गेला तर खरा दोष कुठला होता हे कुणालाच कळत नाही, पैसे मात्र तिन्हींचे जातात.

१२. दुरुस्तीनंतरची खात्री

आता कोड उडवा. मग गाडी त्याच रस्त्याने, तेवढाच माल भरून चालवा. घरी आल्यावर पुन्हा स्कॅनर लावून पेंडिंग यादी बघा. दिवा लागलेला नसला तरी तिथे जुना कोड दिसत असेल तर काम अपुरं आहे. ॲपमध्ये रेडिनेसची, म्हणजे गाडी स्वतःच करते त्या तपासण्यांची यादी असते. त्यातल्या तपासण्या पूर्ण झाल्या आणि कोड आला नाही, की काम झालं समजा. कोड नुकताच उडवलेला असतो तेव्हा या तपासण्या अपूर्ण दिसतात. जुनी गाडी घ्यायला गेलात आणि सगळ्याच अपूर्ण दिसल्या तर मालकाने सकाळीच कोड उडवलाय असा संशय घ्या.

१३. वॉरंटीत असूनही दाद मिळत नसेल तर

प्रत्येक वेळी जॉब कार्डवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत आणि कोडच्या नंबरासह लिहून घ्या. "जनरल चेकअप" असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका. तोच कोड परत परत आल्याची तारीखवार जॉब कार्डं हाच तुमचा पुरावा. आधी कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा, उत्तर जपून ठेवा. तिथे काम झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. पिकअप धंद्याची गाडी आहे म्हणून तक्रार चालणार नाही असं कुणी सांगेल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठीच घेतलेल्या वस्तूचा खरेदीदारही ग्राहक धरला आहे. तक्रारीत हे स्पष्ट लिहा, आणि सोबत आरसी, खरेदीचं बिल, जॉब कार्डं, कोडचे स्क्रीनशॉट आणि ईमेलच्या प्रती जोडा.